चोकडी, बोरिंगचं पाणी आणि सौ.चा अंगठा

आपल्या सुरतकर मराठी लोकांच्या आठवणी मी नेमाने वाचतो. कोणी गावच्या शाळेचं लिहितं, कोणी १९९४ च्या प्लेगमध्ये रातोरात सुरत सोडून गाव गाठल्याचं लिहितं. माझी आठवण कपडे धुण्याच्या पावडरीची आहे. हसू नका. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या पावडरीने हिशोब नव्याने शिकवला, म्हणून लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नोव्हेंबर महिना आम्हा पेन्शनरांचा. हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायचं. २०२२ च्या नोव्हेंबरात मी सौ.लाही बरोबर घेऊन गेलो, कारण तिच्या आधारचं काहीतरी अपडेट बाकी होतं. माझं बोट मशीनवर टेकलं आणि हिरवा दिवा लागला. तिचं टेकलं, लाल. पुसून पुन्हा टेकलं, लाल. दहाही बोटं झाली. मशीनवरचा पोरगा बिचारा शांतपणे म्हणत होता, "मासी, अंगूठो फरीथी मूको." मागे रांग वाढत होती. शेवटी त्याने तिचा हात उलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "काका, मासी कपडां हाथे धुए छे?"

मी म्हटलं, घरात वॉशिंग मशीन आहे. सौ. काही बोलली नाही.

शेवटी डोळ्यांवर काम भागलं. पण रिक्षात बसल्यावर मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. लग्नाला तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि उजेडात हात असा निरखून पाहायची ही बहुधा पहिलीच वेळ. बोटांच्या शेंड्यांवरच्या रेषा गेलेल्या. कातडी चकचकीत, ताणलेली, आणि अंगठ्याच्या पेरावर दोन उभ्या चिरा. एकीत रक्त वाळलेलं.

आता गंमत बघा. अंगठा हा माझ्या नोकरीचाच विषय. मी १९७४ साली बँकेत लागलो, १९८१ ला बदली होऊन सुरतेत आलो. उधना-पांडेसऱ्याकडचे डाइंग मिलचे कामगार आमच्याकडे पगार जमा करायला यायचे. सही येणारे थोडे, बाकी सगळे अंगठेवाले. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, शेजारी दोन साक्षीदार आणि खाली माझी सही. रंगखात्यातल्या लोकांची बोटं आधीच लाल-निळी असायची; यांना स्टॅम्पपॅड कशाला, असं आम्ही काउंटरच्या आत बसून म्हणायचो. त्यातल्या कित्येकांचा अंगठा नीट उमटत नसे. नुसता डाग पडायचा. मी पुन्हा घ्या, पुन्हा घ्या म्हणत वैतागायचो. त्या रेषा कुठे जातात हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

आठवड्याने तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात पाहून दोनच प्रश्न विचारले : कपडे कशाने धुता, आणि पाणी कुठलं? मलम दिलं, हातमोजे वापरा म्हणाले आणि पावडर बदला म्हणाले. पावडर बदला हे माझ्यासाठी सोपं नव्हतं. कारण घरात पावडर आणायचं खातं माझं होतं.

आम्ही पांडेसऱ्यात १९८७ साली रो-हाउस घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुरतेकडे घरातल्या किंवा मागच्या अंगणातल्या धुण्याभांड्याच्या मोरीला चोकडी म्हणतात. आमच्या चोकडीत दोन नळ. एक बोरिंगचा, पहिल्यापासूनचा. दुसरा म्युनिसिपालिटीचा, तो पुष्कळ नंतर आला. बोरिंगचं पाणी खारं. बादली चार दिवस तशीच राहिली की कडेला पांढरा थर धरतो. पण ते केव्हाही यायचं, नळाचं पाणी ठरल्या वेळीच. म्हणून गोडं पाणी प्यायला-स्वयंपाकाला आणि खारं पाणी धुण्याला, अशी वाटणी आपोआप झाली. ती तीस वर्षं कोणी तपासली नाही.

आणि धुणं इथलं कसं, ते पांडेसऱ्यात राहणाऱ्यालाच कळेल. मिलांच्या बॉयलरची काजळी. गच्चीवर पांढरा शर्ट वाळत टाकला की संध्याकाळी त्यावर बारीक काळे ठिपके. ओल्या कपड्यावरचा ठिपका हाताने झटकला की लांब रेघ उमटते, म्हणून नव्या सुनेला पहिला धडा हाच : झटकू नको, फुंकर मार. दिवाळीत मिला बंद असतात, तेवढे दिवस आमच्याकडे गच्चीत पाय काळे न होता फिरता येतं. सौ. घरातले सगळे पांढरे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे त्या आठवड्यासाठी राखून ठेवायची. लोक दिवाळीत फिरायला जातात, आमच्याकडे चादरी वाळतात!

या काजळीवर उपाय म्हणून घरात सुटी पावडर यायची. एक जण सायकलवर गोणी टाकून गल्लीत विकायचा, पुढे तीच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. नाव नाही, गाव नाही. पाकीटवाल्या पावडरीपेक्षा किलोमागे वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त. मी महिन्याच्या जमाखर्चाच्या वहीत 'धुण्याचे सामान' हे वेगळं खातं ठेवलेलं आहे, आणि ते खातं नेहमी बजेटच्या आत, याचा मला अभिमान होता. कॉमर्सचा माणूस. बी.कॉम. करताना कॉस्टिंगमध्ये चांगले मार्क होते.

मशीन सुनेने घेतलं, २०१५ साली. पण सौ. कॉलर, बनियन, परकर, पोराचे कामाचे कपडे हातानेच धुवायची. 'मशीनमधी काळं निघत नही' हे तिचं ठाम मत. मी त्याला तिचा हट्ट समजत होतो.

तर पावडर बदलायची ठरलं. नात तेव्हा बारावी सायन्सला. तिने जाहीर केलं की आजोबा, बदलायचीच तर इको-फ्रेंडली आणू, नदीलाही बरी आणि आजीलाही. सून म्हणाली, काहीही आणा, पण कपड्यांना वास चांगला यायला हवा. मला उत्साह आला. रिटायर झाल्यावर बारा वर्षांनी ऑडिट करायला मिळत होतं. नवी वही घातली.

उधन्याच्या एका मोठ्या दुकानात अर्धा दिवस काढला. सगळ्या बाटल्यांवर हिरवं पान. काहींवर लिंबू, एकीवर धबधबा. पण आत काय आहे ते चष्मा लावूनही मिळेना. नातीने सांगितलं की आपल्या सरकारची १९९१ पासून 'इकोमार्क' नावाची योजना आहे, साबण-डिटर्जंटही त्यात येतात आणि खूण म्हणजे मातीचा मडका. मी मडका शोधत सगळी कपाटं फिरलो. मला एकही सापडला नाही. पान कोणीही छापू शकतो, हे मात्र कळलं. तारण न बघता नुसत्या लेटरहेडवर कर्ज देण्यासारखं झालं हे.

मग सौ. म्हणाली, त्यापेक्षा रिठे आणा.

रिठे म्हटल्यावर मी थेट अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात गेलो. माझी आई बोरी नदीवर धुणं न्यायची. रोजच्या कपड्यांना धुण्याचा सोडा आणि पिवळ्या साबणाचा तुकडा, तोही जपून. रिठ्याचं पाणी फक्त घोंगडी-स्वेटर आणि तिच्या लग्नातल्या शालूसाठी. आम्ही पोरं रिठ्याचा फेस तळहातावर घेऊन फुंकायचो आणि डोळ्यात गेला की बोंबलायचो. धुण्याच्या पावडरीची चैन आमच्याकडे नव्हती. सर्फ १९५९ पासून होतं, पण ते मामलेदार-डॉक्टरांच्या घरी. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरच्या घरी निरमा करून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि दहा-पंधरा वर्षांत आपल्यासारख्यांच्या मोरीत पावडर आली. आईने पहिल्यांदा पावडरीचा फेस पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, 'इतला फेस वाया चालना!' फेस म्हणजे संपत्ती, असं तेव्हा वाटायचं. तो समज पुढे आमच्या घरी फार वर्षं राहिला.

असो. दोन किलो रिठे आणले. बिया काढून, रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून. सौ.च्या हाताची आग चार दिवसांत कमी झाली, हे वहीत तारखेसह आहे. पैठणी आणि स्वेटर सुरेख निघाले. पण पोराच्या शर्टावरची काजळी रिठ्याने हलली नाही आणि पांढरे बनियन तिसऱ्या धुण्याला पिवळट दिसू लागले. शिवाय उकळायला गॅस किती जातो तेही मी लिहीत होतो. सुनेने एक दिवस ऑफिसला जाताना दुपट्टा नाकाला लावून पाहिला आणि काही न बोलता बदलला. रिठा नापास नाही, पण त्याचं खातं वेगळं : रेशीम आणि लोकर.

दुसरा प्रयोग साबणाच्या चुऱ्याचा. खोबरेल तेलापासून केलेला, कसलंही रसायन नाही असं सांगून विकलेला, चांगला महाग. पहिल्याच धुण्यात माझ्या काळ्या पँटवर राखाडी साय बसली. बादलीत दुधासारखं फाटलेलं काहीतरी तरंगत होतं. मी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत निघालो होतो. वाटेत माझा मॉर्निंग वॉकचा मित्र भेटला. तो डाइंग मिलमध्ये तीस वर्षं होता, रंगाच्या खात्यात. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

तो ऐकून हसला. म्हणाला, "भाऊ, मिलमध्ये आम्ही पाण्याचा कडकपणा रोज मोजायचो. पाणी कडक असलं तर रंगाला डाग पडतात, बॉयलरला थर धरतो. तू घरात कधी मोजला का?" मग त्याने मला पोरखेळ वाटावा असा प्रयोग सांगितला. दोन रिकाम्या बाटल्या घ्यायच्या. एकीत बोरिंगचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्ही अर्ध्या. दोन्हींत त्या साबणाची सारखीच चिमूट टाकून जोराने हलवायचं.

नळाच्या बाटलीत वरपर्यंत फेस आला, तापीचं गोडं पाणी ते. बोरिंगच्या बाटलीत फेस जवळजवळ नाही, नुसता पांढरा चोथा. मी त्या दोन बाटल्या ओट्यावर शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. तीस वर्षांचा माझा हिशोब त्या दुसऱ्या बाटलीत होता.

रसायन मला नातीने समजावलं, माझ्या भाषेत. खाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण आधी त्यांना जाऊन चिकटतो, मळाला नंतर. म्हणजे मूळ कर्जाऐवजी सगळा हप्ता व्याजातच जातो. पावडरीतलं डिटर्जंट साबणासारखं फाटत नाही, पण त्याचंही काम मंदावतं. म्हणून पावडरीत पाणी मऊ करणारी द्रव्यं घालतात. स्वस्तात स्वस्त म्हणजे धुण्याचा सोडा. भरपूर सोडा आणि डिटर्जंट कमी, की पावडर स्वस्त पडते. पण सोडा तीव्र असतो, हाताच्या कातडीतलं तेल तोच ओढून घेतो. दुसरं द्रव्य फॉस्फेट. ते काम चांगलं करतं, पण गटारातून नदीत गेलं की तिथल्या वनस्पतींचं खत होतं. कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीत जलपर्णीचा हिरवा गालिचा आपण सगळ्यांनी पाहिला आहे, म्युनिसिपालिटी मशीन लावून काढते तो. गटाराच्या पाण्यातून येणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच त्या जलपर्णीचं जेवण. त्यात माझ्या चोकडीचा वाटा किती, ते मोजायला वही पुरणार नाही, पण शून्य नाही. फॉस्फेटऐवजी झिओलाइट नावाचं खनिज वापरलेल्या पावडरी मिळतात, त्या बऱ्या.

हे मी सकाळच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एकाने टोमणा मारलाच. "समोरच्या मिला रोज लाखो लिटर रंगीत पाणी सोडतात आणि तू चमच्याने पावडर मोजतोस?" बरोबर आहे त्याचं. मिलेपुढे माझी बादली काय? पण एक गोष्ट त्यालाही माहीत नव्हती, आणि मला सांगायला बरं वाटलं. बमरोलीला महापालिकेचा प्रकल्प आहे, २०१४ पासूनचा. आपल्या बाजूच्या गटाराचं शुद्ध केलेलं पाणी तिथे आणखी गाळून, आरओ करून, दिवसाला चार कोटी लिटरच्या क्षमतेने पांडेसऱ्याच्या मिलांना विकलं जातं. म्हणजे घराघरांतलं धुण्याचं पाणी फिरून साड्या रंगवायला जातं. जितका साबण आपण कमी सोडू, तितकं ते गाळणाऱ्याचं काम हलकं. कट्ट्यावर दोन मिनिटं शांतता होती. मग विषय क्रिकेटवर गेला.

आता त्या दिवसाचं लिहितो ज्यासाठी ही सगळी पोस्ट आहे. वहीत मी जुनी सुटी पावडर आणि नवी, जरा महाग, फॉस्फेट नसलेली आणि बिनवासाची पावडर यांची तुलना मांडत होतो. जुनीचा किलो किती दिवस पुरायचा हे सौ.ला विचारलं. ती म्हणाली, अकरा-बारा दिवस. मी म्हटलं, शक्य नाही, एका बादलीला एक मूठ धरली तरी वीस-बावीस दिवस जायला हवेत.

ती म्हणाली, "एका मुठीत काय व्हस? दोन मुठी लागस. कधी तीन."

"मग सांगितलं का नाहीस? चांगली पावडर आणली असती."

"तुम्ही कव्हय इचारं?" आणि थोड्या वेळाने, मराठीत, सुनेलाही ऐकू जाईल असं, "तुम्ही वहीत लिहायचे ना, यंदा इतके वाचले. माझ्यासमोर वाचून दाखवायचे. मग काय सांगू?"

मी वही मिटली. मला खरोखर उत्तर सुचलं नाही. मी दर महिन्याच्या शेवटी ती बेरीज मोठ्याने वाचायचो, हे खरं आहे. आणि पावडर पुरत नसली की ती आपल्या भाजीच्या पैशांतून पाव किलो मधेच आणायची, म्हणजे माझं खातं बजेटमध्ये राहायचं. हे मला त्या दिवशी कळलं. सदतीस वर्षांत लोकांच्या वह्यांमधल्या असल्या नोंदी मी चुटकीसरशी पकडल्या असत्या.

पुढचं थोडक्यात. नळाच्या पाण्यासाठी चोकडीत वेगळं पिंप ठेवलं. भिजवणं आणि धुणं गोड्या पाण्यात, बोरिंगचं पाणी फरशी आणि संडासाला. बिनवासाची पावडर, स्टीलच्या सपाट चमच्याने, मोठ्या बादलीला दोन चमचे. फेस कमी येतो आणि सौ.ला पहिले दोन महिने वाटत राहिलं की कपडे निघालेच नाहीत; ती लपून मूठभर जास्त टाकायची, मी बघून न बघितल्यासारखं करायचो. काजळीच्या कपड्यांना अर्धा तास भिजत ठेवणं हाच उपाय, जास्त पावडर नव्हे. सुनेने तिच्या कपड्यांसाठी वासाचं लिक्विड वेगळं आणलं आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही, घर सगळ्यांचं आहे. नवीन पावडरीचा किलो आमच्याकडे सव्वीस दिवस गेला, म्हणजे महाग पावडर महिन्याला स्वस्त पडली. ही बेरीज मी मोठ्याने वाचली नाही.

हातमोजे तिने एक दिवस घातले. "हातले मळ समजत नही" म्हणून काढून खुंटीला टांगले, ते अजून तिथेच आहेत. म्हणून भिजवणं आणि कॉलर घासणं आता माझ्याकडे आहे. सुरुवातीला शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांना मौज वाटायची. पाठ दुखते, पण पेन्शनरला वेळच वेळ.

मागच्या वर्षी मार्चमध्ये कसल्या तरी केवायसीसाठी पुन्हा बोटं द्यायची वेळ आली. तिच्या चिरा भरल्या होत्या, रेषा मात्र पुसटच. पहिल्यांदा लाल. दुसऱ्यांदा लाल. मी डोळ्यांच्या मशीनचं विचारायला वळलो, तेवढ्यात तिने पदराने अंगठा पुसून तिसऱ्यांदा टेकवला आणि हिरवा लागला. फक्त उजवा अंगठा. बाकीची बोटं घ्यायची गरज पडली नाही.

मी त्या पोराला म्हटलं, प्रिंट दे रे एक. तो म्हणाला, काका, याची प्रिंट निघत नाही. सौ. दारात जाऊन उभी होती. म्हणाली, "चला ना आता, नळ जायची वेळ झाली."